स्कूबा डायव्हिंग करताना कान का दुखतो? पहिल्या काही मीटरांतच काय बिघडतं आणि बरं व्हायला किती वेळ लागतो

मालवण-तारकर्लीला जाऊन आलेल्या मित्राच्या फोनमध्ये तो व्हिडिओ असतोच. हिरवट निळं पाणी, तोंडात रेग्युलेटर, आजूबाजूला पट्टेवाले मासे आणि कॅमेऱ्याकडे बघून केलेली खूण. व्हिडिओ सुरू होतो तो माणूस तळाशी पोहोचल्यावर. त्याआधीच्या अर्ध्या मिनिटात, म्हणजे खाली उतरताना, त्याच्या कानाचं काय झालं ते त्यात दिसत नाही.

डायव्हिंग म्हटलं की लोकांना शार्क आठवतो, नाहीतर ‘ऑक्सिजन संपला तर?’ हा प्रश्न पडतो. (टाकीत ऑक्सिजन नसतो बरं का. आपण रोज घेतो तीच हवा दाबून भरलेली असते.) प्रत्यक्षात डायव्हर्सना सगळ्यात जास्त होणारी इजा कानाची आहे. डॉक्टर तिला ‘बॅरोट्रॉमा’ म्हणतात, म्हणजे दाबातल्या फरकामुळे झालेली दुखापत. आणि ही दुखापत व्हायला खोल जावं लागत नाही. पहिल्यांदा स्कूबा करणाऱ्यांना जेवढं खोल नेतात, तेवढ्यात ती सहज होऊ शकते.

कळसूबाई विरुद्ध दोन मीटर पाणी

तुमच्या फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर एक गंमत करून बघा. आयफोन ६ पासूनच्या बहुतेक आयफोनमध्ये आणि अनेक महागड्या अँड्रॉइड फोनमध्ये हा सेन्सर असतो. स्वस्त फोनमध्ये बहुतेक वेळा नसतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत ॲप आहे. त्यात दाबाचा आलेख लावा आणि लिफ्टने दहाव्या मजल्यावर जा. समुद्रसपाटीजवळ हवेचा दाब साधारण १,०१३ हेक्टोपास्कल असतो. दहा मजले चढल्यावर त्यातले जेमतेम तीन-चार हेक्टोपास्कल कमी होतात. एवढासा फरक फोनला कळतो, आपल्या कानाला सहसा कळतही नाही.

आता घाटाचं बघू. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. तिथून थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत उतरलात तर हवेचा दाब सुमारे १८० हेक्टोपास्कलने वाढतो. समुद्राच्या पाण्यात मात्र फक्त एक मीटर खाली गेलं की १०० हेक्टोपास्कल वाढतात. म्हणजे कळसूबाईचं अख्खं शिखर उतरून कानावर जो फरक पडतो, तो पाण्यात १.८ मीटरमध्येच पडतो. एका उंच माणसाच्या उंचीएवढं पाणी, बस्स.

विमानाचं उदाहरण घ्या. विमान उतरताना लहान मुलं रडतात, मोठ्यांच्या कानाला दडे बसतात. केबिनमधला दाब साधारणपणे ८,००० फूट उंचीवरच्या हवेपेक्षा कमी होऊ देत नाहीत. तिथून जमिनीवर येईपर्यंतचा एकूण फरक पाण्याच्या हिशोबात अडीच मीटरांच्या आसपास भरतो. विमान त्यासाठी वीस-पंचवीस मिनिटं घेतं. बोटीवरून पाण्यात उतरलेला पर्यटक तेच अंतर दहा सेकंदांत पार करू शकतो.

आणखी एक गोष्ट अशी, की सगळ्यात मोठा बदल वरच्याच थरात होतो. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम शाळेत झालेला असतो: दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं. पाण्यात पहिल्या दहा मीटरांत दाब दुप्पट होतो, त्यामुळे बंद पोकळीतली हवा निम्मी होते. पण दहापासून वीस मीटरपर्यंत गेल्यावर ती निम्म्यावरून फक्त एक तृतीयांशावर येते. म्हणून अनुभवी डायव्हरसुद्धा सर्वात सांभाळून उतरतो ते पहिले पाच मीटर. ‘आम्ही तुम्हाला फार खोल नेत नाही, काळजी करू नका’ हे वाक्य फुप्फुसांच्या आणि इतर धोक्यांच्या बाबतीत थोडाफार दिलासा देईल, कानाच्या बाबतीत त्याला काही अर्थ नाही.

कानाच्या आतली बंद खोली

महाबळेश्वरला पाण्याची बाटली पिऊन संपवा, झाकण घट्ट लावा आणि वाईला उतरल्यावर बघा. बाटली आत दबलेली असते. वरची पातळ हवा आत अडकली, बाहेर मात्र दाब वाढला.

आपल्या कानाच्या पडद्यामागे अशीच एक छोटी पोकळी आहे, मध्यकर्ण. तीन बाजूंनी हाड आणि एका बाजूला पातळ पडदा. हाड तर दबणार नाही, मग पडदाच आत ओढला जातो. या खोलीला एकच दार आहे: युस्टेशियन नलिका. साधारण साडेतीन सेंटिमीटर लांबीची ही नळी मध्यकर्णातून निघून नाकाच्या मागच्या बाजूला, घशाच्या वर उघडते. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमिओ युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव तिला मिळालं आहे.

फोनमध्येही अशी सोय असते. वॉटरप्रूफ फोन पूर्ण हवाबंद केला तर आतला बॅरोमीटर काहीच मोजू शकणार नाही आणि विमानात फोनच्या आतबाहेर दाबाचा फरक पडेल. म्हणून कंपन्या एक बारीक छिद्र ठेवतात आणि त्यावर हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पातळ पडदा बसवतात. दाब आपोआप सारखा होत राहतो. आपल्या नळीचा प्रश्न हा आहे, की ती आपोआप उघडी नसते. नाकाकडचा तिचा भाग मऊ कूर्चेचा असतो आणि एरवी मिटलेला असतो. आवंढा गिळला, जांभई दिली, की तिथले स्नायू तिला क्षणभर उघडतात आणि कानात ‘टक’ असा आवाज येतो.

हे मऊ टोक झडपेसारखं वागतं. आतली हवा बाहेर पडताना ते सहज उघडतं, म्हणून पाण्यातून वर येताना सहसा त्रास होत नाही. घाट चढतानाही कान आपोआप मोकळे होतात. पण बाहेरून आत हवा जायची असेल तर आपल्याला काहीतरी करावं लागतं. आणि तिथेही उशीर करून चालत नाही. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा साधारण ९० मिलिमीटर पाऱ्याइतका जास्त झाला, की झडप इतकी घट्ट दाबली जाते की स्नायूंना ती उघडता येत नाही. पाण्याच्या भाषेत हा फरक सव्वा मीटरचा आहे.

हा सव्वा मीटर लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कान न उघडता एवढं खाली गेलात, तर नंतर नाक दाबून कितीही जोर लावला तरी दार उघडत नाही. उलट जितका जोर जास्त, तितका धोका जास्त. अशा वेळी उपाय एकच: थोडं वर यायचं, फरक कमी करायचा आणि मग पुन्हा हळूच प्रयत्न करायचा.

दाब सारखा करण्याच्या तीन पद्धती

डायव्हर्स याला ‘इक्वलाइज करणं’ म्हणतात. स्कूबाच्या मास्कमध्ये नाक आत असतं आणि त्या जागी मऊ रबर असतं, ते यासाठीच: बाहेरून नाक चिमटीत धरता यावं.

सगळ्यांना शिकवतात ती वाल्साल्वा पद्धत. नाक दाबायचं, तोंड बंद ठेवायचं आणि नाकातून हळूच फुंकायचा प्रयत्न करायचा. अंतोनिओ मारिया वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १७०४ च्या आपल्या ग्रंथात ती लिहून ठेवली, पण डायव्हिंगसाठी नव्हे. कानातला पू बाहेर काढण्यासाठी. सोपी आहे, म्हणूनच तिचा गैरवापरही सर्वात जास्त होतो. गाल फुगवून, डोळे वटारून फुंकणं म्हणजे वाल्साल्वा नव्हे. अशा जोराने छातीतला आणि डोक्यातला दाब वाढतो आणि तो अंतर्कर्णापर्यंत पोहोचतो. त्याचा परिणाम पुढे येईलच.

दुसरी टॉयन्बी पद्धत: नाक दाबून आवंढा गिळायचा. जोसेफ टॉयन्बी हे एकोणिसाव्या शतकातले इंग्लिश कानतज्ज्ञ. कानात सतत येणाऱ्या आवाजावर उपाय शोधताना त्यांनी क्लोरोफॉर्म आणि विषारी हायड्रोसायनिक आम्लाची वाफ स्वतःवरच वापरून पाहिली आणि १८६६ मध्ये त्यातच ते गेले. पद्धत मात्र निरुपद्रवी आहे.

तिसरी, माझ्या मते शिकून घ्यावी अशी, फ्रेंझेल पद्धत. हर्मन फ्रेंझेल या जर्मन डॉक्टरने ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांना शिकवली. वेगाने खाली सूर मारणाऱ्या विमानात त्यांचेही कान असेच दुखायचे. यात फुप्फुसांचा जोर लागतच नाही, जीभच पिस्टनसारखी काम करते. मराठी माध्यमात शिकलेल्यांना हे समजायला सोपं आहे, कारण क, ख, ग, घ हे ‘कंठ्य’ वर्ण आपण पाठ केलेत. नाक दाबा, तोंड मिटा आणि आवाज न काढता ‘क’ म्हणायला जा. जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो, गळ्याची घाटी वर सरकते आणि कानात टक होतं. पहिल्या दिवशी जमेलच असं नाही. आरशासमोर उभं राहून आठवडाभर दिवसातून चार-पाच वेळा करा. ट्रिप ठरल्यावर हॉटेलचे रिव्ह्यू वाचण्यात जितका वेळ जातो, त्याच्या दहाव्या भागात हे येतं.

कोणतीही पद्धत वापरा, ती दुखायला लागल्यावर वापरायची नसते. पाण्यात डोकं जाण्याआधी, पृष्ठभागावरच एकदा. मग प्रत्येक अर्ध्या ते एक मीटरला. पाय खाली आणि डोकं वर ठेवून उतरलं तर कान जास्त सहज उघडतात. उलटं, डोकं खाली करून गेलं की तिथल्या शिरांत रक्त साचतं आणि नळी आणखी घट्ट होते. एकच कान अडत असेल तर तो कान वरच्या बाजूला येईल अशी मान तिरकी करून बघा.

अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे

पहिल्यांदा स्कूबा करणारा माणूस स्वतः पोहत नसतो. प्रशिक्षक मागून त्याची टाकी धरून त्याला नेतो, खाली-वर करण्याचं नियंत्रणही त्याच्याच हातात असतं. पोहता न येणारेसुद्धा स्कूबा करू शकतात, ते यामुळेच. पण याचा अर्थ असाही होतो, की तुमचा कान दुखतोय हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही. तुमच्याकडे फक्त खुणा असतात, आणि त्यातली एक भलतीच फसवी आहे.

व्हॉट्सॲपवर आपण दिवसातून वीस वेळा अंगठा पाठवतो. पाण्याखाली अंगठा वर करण्याचा अर्थ ‘मला वर जायचंय’ असा आहे. ‘सगळं ठीक’ सांगायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करतात. ‘काहीतरी गडबड आहे’ सांगायला हाताचा पंजा आडवा धरून डगमगवायचा आणि मग बोटाने कान दाखवायचा. या तीन खुणा बोटीवर बसल्या बसल्या एकमेकांना करून दाखवा. कॅमेऱ्यासमोर उत्साहात अंगठा दाखवून डाइव्ह अर्ध्यात संपवलेल्यांचे किस्से प्रत्येक प्रशिक्षकाकडे असतात. पण त्यापेक्षा वाईट म्हणजे कान ठणकत असताना सवयीने ‘ओके’चा गोल दाखवणं.

आणि हे फार होतं. पैसे भरलेत, मित्र बोटीवरून बघतायत, व्हिडिओ चालू आहे, ‘थोडं दुखेल, मग बरं वाटेल’ असं कुणीतरी सांगितलंय. सहन करणं आपल्याकडे चांगला गुण मानतात. कानाच्या पडद्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. दुखणं हा इक्वलाइज करायला उशीर झाल्याचा संकेत आहे. खूण करायची, अर्धा-एक मीटर वर यायचं, पुन्हा हळूच प्रयत्न. दोन-तीनदा करूनही नाही उघडला तर त्या दिवसाची डाइव्ह संपली. उतरण्याआधी कानाबद्दल नीट न समजावणारा किंवा ‘दुखतंच सगळ्यांना’ म्हणणारा प्रशिक्षक भेटला, तर त्याच्याबरोबर पाण्यात जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. चांगले प्रशिक्षक भरपूर आहेत. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे.

कुणी त्या दिवशी पाण्यात जाऊच नये

सर्दी असेल तर नाही. ही सूचना ऐकून लोक हमखास विचारतात, ‘स्प्रे मारून गेलं तर?’ नाक मोकळं करणारा स्प्रे नळीच्या तोंडाची सूज काही तासांपुरती उतरवतो. त्याचा असर पाण्याखालीच संपला तर कान खाली जाताना उघडलेला आणि वर येताना बंद, अशी स्थिती होते. मग आतली हवा फुगत जाते आणि बाहेर पडायला वाट नाही. खाली जाताना अडलं तर वर येऊन सुटता येतं. वर येताना अडलं तर खाली किती वेळ थांबणार? टाकीतली हवा मोजकीच असते.

सोपी चाचणी अशी: निघायच्या दिवशी सकाळी नाक दाबून हळूच फुंका किंवा ‘क’ करा. दोन्ही कानांत टक झालं पाहिजे. एका कानात होत नसेल, तर तो पाण्यात गेल्यावर उघडेल अशी आशा करू नका.

लहानपणी कान वाहायचा, पडद्याला भोक होतं, कानाचं ऑपरेशन झालंय, असं काही असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून घ्या. डाइव्हच्या आधी भरून घेतात त्या फॉर्ममध्ये कान आणि सायनसबद्दल प्रश्न असतो. तो फॉर्म ‘सगळीकडे नाही टिक करा’ म्हणून हातात दिला जात असेल तरी तुम्ही वाचून भरा. आणि कानात पाणी जाऊ नये म्हणून इअरप्लग घालायचा विचार असेल तर सोडून द्या. प्लग आणि पडदा यांच्यामध्ये आणखी एक बंद खोली तयार होते आणि तिला तर दारच नसतं.

नेमकी इजा कशी होते

पडदा आत ओढला जातो, तसं मध्यकर्णाच्या आतलं अस्तरही ओढलं जातं. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्यातून पाणी झिरपतं, मग रक्त. रिकामी होत चाललेली जागा शरीर आपल्याच द्रवाने भरून काढतं, असंच म्हणा ना. डॉक्टर याची प्रत ठरवायला टीडची श्रेणी वापरतात: शून्य म्हणजे दुखलं पण पडदा ठीक दिसतो, मग पडदा लाल होणं, त्यात थोडं रक्त उतरणं, जास्त उतरणं, पडद्यामागे रक्त साचणं आणि पाचवी पायरी म्हणजे पडदा फाटणं.

पडदा नेमका किती दाबाला फाटतो याला एक आकडा नाही, माणसागणिक फार फरक पडतो. कुणाचा दीड मीटरच्या फरकालाही फाटू शकतो, कुणाचा पाच-सहा मीटरपर्यंत टिकतो. फाटतो त्या क्षणी एक विचित्र गोष्ट होते: दुखणं एकदम कमी होतं, कारण दाब सारखा झालेला असतो. त्याच क्षणी गार पाणी मध्यकर्णात शिरतं आणि जग गरगरायला लागतं. अंतर्कर्णातली तोल सांभाळणारी यंत्रणा तापमानाला प्रतिसाद देते, म्हणून हे होतं. पाणी शरीराइतकं कोमट झालं की गरगरणं ओसरतं, साधारण मिनिटाभरात. तोवर प्रशिक्षकाला किंवा दोराला घट्ट धरायचं, रेग्युलेटर तोंडातून काढायचा नाही आणि वर पळत सुटायचं नाही. घाबरून श्वास रोखून वर येणं हे फाटलेल्या पडद्यापेक्षा कितीतरी धोकादायक आहे, कारण मग प्रश्न फुप्फुसाचा होतो.

बोटीवर परत आल्यावर

कान गच्च वाटतोय, आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय, थोडं दुखतंय, कदाचित थुंकीत किंवा मास्कमध्ये रक्ताचा अंश दिसतोय. अशा वेळी काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही हे महत्त्वाचं आहे, कारण इथे घरातले सगळे मदतीला धावतात. लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात टाकायचं नाही. मेडिकलमधून विचारून आणलेले थेंब टाकायचे नाहीत, हायड्रोजन पेरॉक्साइडही नाही. पडदा फाटला असेल तर हे सगळं थेट मध्यकर्णात जातं. इअरबड घालून पुसायचं नाही. आणि हल्ली ऑनलाइन मिळतो तो वायफायवर चालणारा कान बघायचा कॅमेरा? तो तर अजिबात नाही. हलत्या बोटीवर किंवा गाडीत फाटक्या पडद्याजवळ सळई नेणं म्हणजे दुखापत वाढवणं.

कान कोरडा ठेवायचा. नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. ‘बघू उघडतोय का’ म्हणून पुन्हा पुन्हा नाक दाबून फुंकायचं नाही. दुसऱ्या डाइव्हचे पैसे भरले असतील तर ते गेले असं समजायचं. घट्ट बसणारे वायरलेस इअरफोन काही दिवस केसमध्येच राहू द्या. आणि घरी पोहोचल्यावर, किंवा जमलं तर वाटेतच, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायचं. पडदा फाटलाय की नाही हे बाहेरून कळत नाही. डॉक्टर दुर्बिणीतून दोन मिनिटांत सांगतात.

डाइव्हनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखायला लागलं आणि कानाची पाळी ओढल्यावर जास्त दुखत असेल, तर तो बहुधा बॅरोट्रॉमा नसतो. कानाच्या बाहेरच्या नळीत ओलीमुळे जंतुसंसर्ग झालेला असतो. त्याचे उपचार वेगळे आहेत, त्यात थेंब चालतात. म्हणूनही आधी निदान हवं.

ही लक्षणं असतील तर त्याच दिवशी डॉक्टर

इथे थोडं सावकाश वाचा. आतापर्यंत बोललो ते मध्यकर्णाबद्दल. त्याच्या आत अंतर्कर्ण आहे, जिथे आवाजाचं रूपांतर मेंदूला कळणाऱ्या संदेशात होतं आणि जिथे तोल सांभाळला जातो. तो द्रवाने भरलेला असतो आणि मध्यकर्णापासून त्याला वेगळं ठेवणाऱ्या दोन नाजूक खिडक्या आहेत. दार अडकलेलं असताना जोरात फुंकलं तर यातली एक खिडकी फाटू शकते आणि आतला द्रव झिरपायला लागतो.

याचं दुखणं कधी कधी फारसं नसतंच. एका कानाने अचानक कमी ऐकू येणं, कानात शिट्टी किंवा घोंघाट सुरू होऊन न थांबणं, आणि मिनिटाभरात न ओसरणारी भोवळ, उलट्या, चालताना तोल जाणं, ही त्याची लक्षणं आहेत. इथे ‘दोन दिवस बघू’ चालत नाही. मध्यकर्णाची इजा बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. अंतर्कर्णाच्या पेशी मात्र पुन्हा तयार होत नाहीत, आणि गेलेलं ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं.

फरक ओळखायला एक जुनी युक्ती आहे. ओठ मिटून ‘म्म्म्’ असा सूर लावा. गच्च झालेल्या कानात तो मोठा ऐकू आला तर अडचण बहुधा मध्यकर्णात आहे. उलट चांगल्या कानातच मोठा ऐकू आला तर अंतर्कर्णाची शंका घ्यायला हवी. हे निदान नव्हे. मोठा ऐकू आला म्हणून निर्धास्त होऊ नका, वरची लक्षणं असतील तर युक्तीचा निकाल काहीही असो, डॉक्टरांकडे जा. फोनवरच्या श्रवणचाचणीच्या ॲपवरही हा निर्णय सोपवू नका. दवाखान्यात ध्वनिरोधक खोलीत ऑडिओमेट्री करतात, तिलाच अर्थ असतो.

डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंत डोकं उंच ठेवून पडून राहायचं, वजन उचलायचं नाही, कुंथायचं नाही. आणि फोनच्या नोट्समध्ये चार गोष्टी लिहून ठेवा: किती मीटर खोल गेलात, किती मिनिटं होतात, त्रास खाली जाताना सुरू झाला की वर येताना की बाहेर आल्यावर, आणि जोरात फुंकलं होतं का. अंतर्कर्णाची लक्षणं डीकंप्रेशन सिकनेसमध्येही येतात, त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत, आणि डॉक्टर हा फरक बराचसा या माहितीवरूनच करतात. पाच-सहा मीटरच्या छोट्या डाइव्हनंतर तो आजार होण्याची शक्यता फारच कमी. पण अंदमानात चार दिवस रोज खोल डाइव्ह करणाऱ्यासाठी प्रश्न खरा आहे.

बरं व्हायला किती वेळ?

पडदा नुसता लाल झाला असेल तर काही दिवस. रक्त उतरलं असेल तर एक-दोन आठवडे. पडद्यामागे द्रव किंवा रक्त साचलं असेल तर ते शोषलं जायला तीन-चार आठवडेही लागू शकतात. तोवर कान गच्च राहतो आणि स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो. चीड येते, पण इथे घाई करून काही होत नाही. अँटिबायोटिक प्रत्येकाला लागतं असं नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

फाटलेला पडदा बहुतेक वेळा स्वतःहून भरून येतो. काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. या काळात कानात पाणी जाणं हाच मुख्य शत्रू. अंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून तो कानाच्या तोंडाशी ठेवतात, आत कोंबत नाहीत. पोहणं बंद. दोन-तीन महिन्यांतही भोक बुजलं नाही तर छोट्या शस्त्रक्रियेने पडदा बसवता येतो.

पुन्हा डाइव्ह करता येते का? मध्यकर्णाची इजा असेल तर बहुतेकांना येते. अट ‘दुखायचं थांबलं’ ही नाही. दुखणं पडदा भरण्याच्या कितीतरी आधी थांबतं. डॉक्टरांनी पडदा बघून तो पूर्ववत झाल्याचं सांगितलं पाहिजे, ऐकू येणं तपासलेलं असलं पाहिजे आणि नाक दाबल्यावर दोन्ही कान सहज उघडले पाहिजेत. अंतर्कर्णाची इजा झालेल्यांचा निर्णय डायव्हिंगची माहिती असलेल्या तज्ज्ञांनीच घ्यायचा असतो, आणि तो ‘आता नको’ असाही असू शकतो.

परवानगी मिळाल्यावर थेट बोटीवर जाण्याआधी शहरातल्या एखाद्या पोहण्याच्या तलावात, खोल टोकाला, शिडीला धरून पाय खाली सोडत उतरून बघा. सोबत कुणीतरी हवंच. दर हातभर अंतराला कान उघडा. दोन मीटरवर दोन्ही कानांत टक आलं नाही, तर मालवणचं बुकिंग पुढच्या महिन्यावर ढकला.